वळिवड्याची पोलिश वसाहत आणि तिने मागे ठेवलेले मंडळ

कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसले की थोड्याच वेळात वळिवडे लागते. आज या भागाची ओळख म्हणजे गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ. लग्नाचा बस्ता म्हटला की आसपासच्या तालुक्यांतली माणसे आधी इथे येतात. याच माळावर १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहत होती. त्यांत बायका आणि मुलेच जास्त. धडधाकट पुरुष एक तर युद्धावर होते, नाहीतर कधीच परतणार नव्हते.

या पाहुण्यांविषयी कोल्हापुरात जेव्हा जेव्हा बोलले जाते, तेव्हा बोलणे बहुधा आपल्या औदार्यावर येऊन थांबते. आपण आसरा दिला, आपण माणुसकी दाखवली. ते खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. जागा आपली होती. त्या जागेवर पाच वर्षे चर्च, शाळा, बालवीर पथके, नाटके, दवाखाना आणि रोजचा कारभार चालवला तो त्या माणसांनी. आणि वसाहत रिकामी झाल्यावर अर्ध्या शतकाने तिचा इतिहास लिहून काढला, तोही त्यांनीच. या लेखाचा विषय तो कारभार आहे.

आधी ही माणसे इथवर आली कशी, ते थोडक्यात. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि १७ तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. पूर्व पोलंडातल्या लाखो लोकांना फेब्रुवारी १९४० पासून रशियनांनी घराबाहेर काढले आणि मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानकडे नेले. शेतकरी, जंगलखात्यातली माणसे, शिक्षक, कारकून, त्यांची म्हातारी माणसे आणि पोरेबाळे, सगळ्यांना. थंडी, उपासमार आणि टायफसने किती गेले याची मोजदाद अजून वादात आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा स्टालिनला पोलिश माणसांची गरज पडली. सुटका झाली, जनरल आंदेर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये हे सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. त्याच्या मागोमाग हजारो बायका-मुलेही आली. इराणात एवढ्यांना कायम ठेवणे शक्य नव्हते. मग कोणी पूर्व आफ्रिकेत गेले, कोणी मेक्सिकोत, मुलांची एक तुकडी न्यूझीलंडला गेली. हिंदुस्थानच्या वाट्याला आलेल्यांपैकी अनाथ आणि एकाकी मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडीला नेले. आणि कुटुंबांसाठी मोठी वसाहत उभी राहिली ती कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला.

इथे एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण भाषणांतून ती वारंवार चुकते. ही वसाहत राजाराम महाराजांनी वसवली असे सांगितले जाते. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्येच निवर्तले होते. १९४३ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक घेतलेले बालछत्रपती होते, कारभार ताराराणीसाहेबांच्या राजप्रतिनिधित्वाखाली चालत होता आणि संस्थानात इंग्रज रेसिडेंटचा शब्द चालत होता. वसाहतीचा निर्णय हिंदुस्थान सरकार, लंडनमधले परागंदा पोलिश सरकार आणि संस्थान यांच्यातला होता. मुंबईतले पोलिश कॉन्सल जनरल युजेनियुश बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा बानासिन्स्का यांनी त्यासाठी खूप धावपळ केली. हे सांगितल्याने कोल्हापूरचे श्रेय कमी होत नाही. संस्थानाने जमीन दिली, आणि लाखाच्या आत वस्ती असलेल्या या शहराने पाच हजार परक्यांना आपल्या बाजारात, रस्त्यांवर सहजपणे सामावून घेतले. ते कुठल्या काळात, तेही लक्षात घ्यावे. युद्धामुळे धान्य रेशनवर होते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकारची चळवळ जोरात होती. खुद्द कोल्हापुरात प्रजा परिषदेचे कार्यकर्ते भूमिगत होते आणि १९४३ च्या सप्टेंबरात गव्हर्नर विल्सनचा पुतळा फोडला गेला. इंग्रजांच्या पुतळ्यावर हातोडा चालवणाऱ्या शहरात इंग्रजांनीच आणलेली गोरी माणसे भाजी घेत फिरत होती. कोल्हापूरच्या माणसाला या दोन गोष्टींतला फरक कळत होता, एवढेच यातून दिसते.

वसाहत म्हणजे लांबलचक कौलारू बराकींच्या रांगा. दगडी जोत्यावर लाकडी खांब, भिंतींच्या जागी बांबूच्या तट्ट्या आणि वर कौले. प्रत्येक बराकीचे भाग पाडलेले, एकेका कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे छोटी ओसरी. तट्टीच्या भिंतीतून शेजारच्या घरातले भांडण, खोकला आणि रात्रीची प्रार्थना तिन्ही ऐकू येत. सायबेरियातल्या बराकींतून आलेल्या बायकांना एवढा आडोसाही बंगल्यासारखा वाटला तर नवल नाही. ओसरीपुढच्या हातभर जागेत त्यांनी फुलझाडे लावली, वेल चढवले. पावसाळ्यात पंचगंगेकडच्या बाजूने येणारा ओला वारा तट्ट्यांतून आत शिरे, आणि मग महिनाभर कपडे वाळत नसत. हा अनुभव त्यांनी पुढे लंडनच्या पावसातही आठवला.

या वसाहतीचे खरे वेगळेपण स्वयंपाकघरात होते. इतर ठिकाणच्या अनेक निर्वासित छावण्यांत एक मोठी चूल आणि तिच्यापुढे रांग असे. वळिवड्यात कुटुंबाला भत्ता मिळे आणि घरोघरी शेगडी पेटे. बाईच्या हाती पैसे, तिने बाजारात जायचे, घासाघीस करायची, आपल्या चवीचे रांधायचे. रांगेत वाडगे घेऊन उभे राहणाऱ्या माणसाला दोन वर्षांत हात पसरायची सवय लागते. स्वतःची शेगडी असली की माणूस हिशेब ठेवतो, उधारी करतो, शेजारणीला साखर देतो आणि परत मागतो. छावणीचे गाव होते ते अशा क्षुल्लक देवाणघेवाणीतून. वसाहतीच्या कारभाराबद्दल जे जे चांगले सांगितले जाते, त्याचे मूळ मला या शेगडीत दिसते. आजच्या मदतकार्यातल्या मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे. पूर येतो, आपण खिचडीची पातेली चढवतो, ते बरोबरच असते; पण आठवड्यानंतरही पातेलेच चढत असेल तर काहीतरी चुकते आहे.

वसाहतीचा कमांडंट पोलिश असे. तिचे विभाग पाडलेले होते, विभागांचे आणि बराकींचे प्रमुख असत आणि तक्रारी त्यांच्या मार्फत वर जात. दवाखाना, टपाल, दुकाने, नाटक-सिनेमाची जागा, आईबाप नसलेल्या मुलांसाठी अनाथाश्रम, सगळे आत होते. शिक्षक, परिचारिका, शिवणकाम शिकवणाऱ्या बायका यांना काम होते आणि कामाचा मोबदला होता. पैसा येई तो लंडनमधल्या पोलिश सरकारच्या समाजकल्याण खात्याकडून, म्हणजे अंतिमतः ब्रिटनकडून घेतलेल्या कर्जातून. राजा दानशूर आणि निर्वासित याचक, असे जे चित्र आपण रंगवतो त्यात हा तपशील बसत नाही. बहुतांश खर्च पोलिश सरकारच्या नावावर पडत होता.

धर्म हा या सगळ्याचा कणा होता. पोलंडात कॅथलिक असणे आणि पोलिश असणे या गोष्टी वेगळ्या काढणे कठीण. शंभराहून अधिक वर्षे देशाची वाटणी रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियात झालेली होती. त्या काळात भाषा आणि राष्ट्र टिकले ते बऱ्याच अंशी चर्चच्या आवारात. म्हणून वळिवड्याच्या बराकींत चर्च उभे राहिले तेव्हा ते नुसते प्रार्थनेचे ठिकाण नव्हते. तिथे मुलांची पहिली कम्युनियन झाली, लग्ने लागली, मयतांसाठी घंटा वाजली. मृतांची नावे आणि जन्मलेल्यांची नावे पाद्र्याच्या वहीत एकाच शाईने लिहिली जात. देश हरवलेल्या माणसाला आपण कुणीतरी आहोत याचा कागद तिथून मिळे.

सणांचे वर्षही त्यांनी पूर्ण पाळले. कॉर्पस क्रिस्तीच्या दिवशी पोलंडच्या खेड्यांत पवित्र प्रसादाची मिरवणूक निघते. वाटेत चार ठिकाणी फुलांनी सजवलेल्या वेदी असतात, पांढऱ्या झग्यातल्या लहान मुली पाकळ्या उधळत पुढे चालतात, वर चांदवा धरलेला असतो. आपल्याकडच्या पालखीचा थाट ज्याने पाहिला आहे त्याला ती मिरवणूक समजावून सांगावी लागत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, पहिला तारा दिसल्यावर, पोलिश घरात जेवायला बसतात. टेबलावरच्या चादरीखाली थोडे गवत पसरतात. पोळीसारखी पातळ पांढरी वडी, ओप्वातेक, प्रत्येकजण दुसऱ्यापुढे धरतो, दुसऱ्याने तिचा तुकडा मोडायचा आणि एकमेकांना शुभ चिंतायचे. मग आपण त्याच्या वडीचा तुकडा मोडायचा. घरातली सगळी माणसे सगळ्यांशी हे करतात, भांडलेली जाऊबाईसुद्धा सुटत नाही. आणि टेबलावर एक ताट जास्तीचे मांडतात, अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी. वळिवड्याच्या घरांत ते ताट कुणासाठी मांडले जात होते, हे वेगळे सांगायला नको. एप्रिल १९४३ मध्ये, वसाहत सुरू होण्याच्या सुमारास, कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडल्याची बातमी फुटली होती. सोव्हिएतांनी १९४० साली मारलेल्या अशा कैद्यांची एकूण संख्या बावीस हजारांच्या घरात जाते, आणि एप्रिल १९४० ची हद्दपारीची लाट मुख्यतः अशाच कैदी अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांची होती.

शाळांबद्दल थोडक्यात. प्राथमिक शाळा होत्या, माध्यमिक शाळा होती, नवे शिक्षक तयार करणारे वर्ग होते, हुन्नर शिकवणारे वर्ग होते. शिकवण्याची भाषा पोलिश. मुलांची मधली दोन-तीन वर्षे सायबेरियात बुडालेली, त्यामुळे चौदा वर्षांचा मुलगा आणि दहा वर्षांची मुलगी एकाच बाकावर दिसायचे. छातीच्या विकाराचा धोका असलेल्या मुलांसाठी पाचगणीला पोलिश आरोग्यधाम होते. आपण पाचगणीच्या हवेचे गोडवे गातो तेव्हा ही पोरे आपल्या डोळ्यांपुढे येत नाहीत, यायला हवीत.

बालवीर पथकांवर मात्र थोडे थांबले पाहिजे. पोलंडमध्ये हार्सेर्स्त्वो, म्हणजे स्काउटची चळवळ, हा शाळेबाहेरचा खेळ नसून राष्ट्राची शिस्त मानली जाते. वळिवड्यात मुला-मुलींची पथके उभी करण्यासाठी आंदेर्स यांच्या सैन्यातून एक तरुण अधिकारी पाठवण्यात आला. त्याचे नाव झ्जिस्वाव पेश्कोव्स्की. हा माणूस कोझेल्स्कच्या तळावरचा कैदी होता. तिथल्या बहुतेक साथीदारांना कातिनला नेऊन गोळ्या घातल्या. उरलेल्या मोजक्यांत हा होता. ज्या मुलांचे बाप त्या खड्ड्यांत पडले असण्याची शक्यता होती, त्या मुलांना गाठी मारायला, तंबू ठोकायला, शेकोटीभोवती गायला आणि खोटे न बोलायला शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. पुढे अमेरिकेत जाऊन तो पाद्री झाला, कातिनच्या बळींच्या कुटुंबांचा धर्मगुरू म्हणून पोलंडभर ओळखला गेला आणि २००७ मध्ये वारला. वसाहतीतल्या मुलांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या, त्यांत अभ्यासापेक्षा शेकोट्या जास्त आहेत. मंडळ चालवणाऱ्या कोणालाही याचे आश्चर्य वाटणार नाही. पुढल्या पिढीला घटना-नियमांनी बांधता येत नाही, एकत्र काढलेल्या रात्रींनी बांधता येते.

वाचायला मुंबईहून निघणारे 'पोलाक व इंदिआख', म्हणजे भारतातला पोल, हे नियतकालिक होते. आणि हिंदुस्थानची ओळख करून द्यायला एक विलक्षण बाई होत्या, वांदा दिनोव्स्का. थिऑसॉफीच्या ओढीने त्या युद्धापूर्वीच इथे आल्या, गांधीजींच्या सहवासात राहिल्या आणि उमादेवी या नावाने वावरल्या. पोलिश तरुणांना हा देश दाखवावा, त्याचे ग्रंथ पोलिशमध्ये आणावेत म्हणून त्यांनी पोलिश-भारतीय ग्रंथमाला काढली. या कामात त्यांचे सोबती होते मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच स्वामी भारतानंद. हे नाव मराठी वाचकाला परके असायचे कारण नाही: औंध संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी प्रजेच्या हाती राज्य दिले, त्या प्रयोगामागे हेच पोलिश इंजिनिअर होते, आणि मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचने इंग्रजीत आणून जगभर पोचवली तीही यांनीच. पोलंड आणि दक्षिण महाराष्ट्र यांच्यात एक जुनी वाट आहे आणि ती वळिवड्याच्या थोडी आधी सुरू होते.

शहराशी संबंध बाजाराचे होते, टांग्याचे होते, सिनेमाचे होते. वसाहतीच्या आवारात स्थानिक व्यापाऱ्यांनी दुकाने थाटली. मुलांनी बाजारापुरते मराठी-हिंदी उचलले, दुकानदारांनी पोलिश आकडे. काही लग्नेही झाली आणि त्यांतल्या मोजक्या मुली सासर म्हणून इथेच राहिल्या. मात्र दोन समाज एकमेकांत मिसळले, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. त्यांचे सारे चित्त परत जाण्याकडे होते आणि कारभाराची सारी रचना मुलांना पोलिश ठेवण्यासाठी होती. त्यात गैर काही नाही. परदेशी गेलेला मराठी माणूस तरी दुसरे काय करतो? १९३२ साली लंडनला महाराष्ट्र मंडळ निघाले, १९८१ साली उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. गणपती बसतो, मुलांसाठी मराठी शाळा भरते, दिवाळी अंक वाचले जातात, आणि शेजारच्या गोऱ्याशी ओळख अंगणातल्या नमस्कारापुरती राहते. फरक इतकाच की आपण तिकीट काढून गेलो.

युद्धाच्या आघाडीवर या दोन समाजांची गाठ पडत होती, आणि ती गोष्ट आपण पुरेशी सांगत नाही. वळिवड्यातल्या बायकांचे नवरे आणि मुलगे आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर इटलीत लढत होते. मे १९४४ मध्ये मोंते कासिनोच्या मठावर पोलिश निशाण चढले. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. रायगड जिल्ह्यातले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांना तो एप्रिल १९४५ च्या लढाईसाठी मिळाला. आपल्या बायका पत्राची वाट पाहत होत्या आणि त्यांच्याही.

या संसाराला मोठा तडा गेला तो शांतता झाल्यावर. याल्टाच्या वाटाघाटींत पूर्व पोलंड रशियाच्या पदरात पडला. वळिवड्यातल्या बहुतेकांची गावे आता पोलंडात नव्हतीच. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. म्हणजे एका दिवसात वसाहतीचा धनी नाहीसा झाला. शिक्षकांचा पगार, दवाखान्याची औषधे, घरभत्ता, सगळे ज्या सरकारच्या नावावर चालत होते ते कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. हिशेब लंडनमधल्या एका हंगामी समितीकडे गेला, पुढे आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे. पोलंडात परत जा असा आग्रह सुरू झाला, पण कम्युनिस्ट राजवटीत परतायला फार थोडे तयार झाले. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली आणि तिथली मुले वळिवड्याला आली. शाळा चालू राहिल्या, चर्चमध्ये घंटा वाजत राहिली, पथके भरत राहिली. ज्या वर्षांत धनी नव्हता त्या वर्षांत वसाहत कोलमडली नाही, याचे कारण तिचा कारभार तोवर माणसांच्या अंगवळणी पडला होता.

१९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला आणि पाहुण्यांचे निघणे सुरू झाले. सैनिकांची कुटुंबे ब्रिटनला गेली, कारण पोलिश सैनिकांना तिथे वसवण्याचा कायदा १९४७ मध्ये झाला होता. काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेली, तिथून पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा. गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली ती १९४८ च्या सुरुवातीला. त्याच वर्षी वसाहत रिकामी झाली. पण फार काळ रिकामी राहिली नाही. फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित याच बराकींत आले. एका निर्वासिताने लावलेला वेल दुसऱ्याच्या ओसरीवर चढला, असे झालेही असेल. सिंधी मंडळींना मात्र परत जायचे नव्हते. त्यांनी दुकान मांडले, पंचायत बसवली, मंदिर बांधले, चेटीचंड साजरा केला, आणि त्या माळाचे गांधीनगर केले. त्यांच्या संस्थांचा इतिहासही कोणी तरी लिहायला हवा. तो लिहिताना वळिवड्याच्या दोन्ही बिऱ्हाडांचा एकत्र विचार व्हावा.

आता मंडळाबद्दल. वळिवडे आणि बालाचडीची मुले जगभर पांगली. ती शिकली, नोकऱ्या केल्या, संसार केले. पोलंडात राहणाऱ्यांना सायबेरियाचे नाव उघडपणे काढायची सोय १९८९ पर्यंत नव्हती. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर दोन्हीकडचे एकमेकांना उघडपणे भेटू लागले. 'भारतातल्या पोलंडवासीयांचे मंडळ १९४२-१९४८' या नावाने लंडनला त्यांची संस्था उभी राहिली. संस्थेचे सभासदत्व म्हणजे एक आठवण. नवा सभासद होण्याची सोय नाही. असे मंडळ चालवणे अवघड असते, कारण दर वार्षिक सभेला आकडा घटतो. तरीही त्यांनी मेळावे भरवले, आठवणी गोळा केल्या, सरकारी दप्तरांतून कागद शोधले आणि २००० साली पोलिशमध्ये एक जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. २००९ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती निघाली. वसाहतीचा नकाशा, शाळांची नावनिशी, पथकांची छायाचित्रे, कबरींची यादी, सगळे त्यात आहे. कोल्हापूरच्या विसाव्या शतकावर काम करणाऱ्या अभ्यासकाला हा ग्रंथ टाळता येणार नाही.

कोल्हापुरात त्यांनी स्मारकही उभारले. महावीर उद्यानातला स्तंभ १९९८ सालचा. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत वळिवड्याला वारलेल्यांच्या कबरी आहेत, त्यांची डागडुजी पुढे झाली. वॉर्सात २०१७ मध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक बसवले गेले, मोंते कासिनोच्या स्मारकाजवळ. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे आणि जामसाहेबांच्या स्मारकापाशी पुष्पचक्र वाहिले तेव्हा अनेक कोल्हापूरकरांना आपल्या गावाचे नाव पोलंडात आहे हे पहिल्यांदा कळले. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये वसाहतीतली माजी मुले, तेव्हा ऐंशीच्या पुढची, वळिवड्याला आली होती. स्मृतिस्तंभ झाला, संग्रहालयाचे बोलणे झाले.

इथे आपली बाजू सांगणे भाग आहे. त्यांच्याकडे ग्रंथ आहे, आपल्याकडे भाषणे आहेत. ज्या दुकानदारांनी उधारी दिली त्यांच्या वह्या कुठे आहेत? ज्या टांगेवाल्यांनी त्यांना रंकाळ्यावर नेले, ज्या गवळ्यांनी रोज दूध घातले, ज्या गवंड्यांनी त्या बराकींची जोती बांधली, त्यांच्या नातवंडांशी कोणी पद्धतशीर बोलले आहे का? पोलिश बाजूने लिहिलेल्या इतिहासात हा सगळा गाव पार्श्वभूमीला आहे, आणि तो तिथे ठेवला आहे तो आपण. बराकी तर आता जवळपास संपल्या. जुन्या बांधकामाचे जे अवशेष आहेत ते नव्या इमारतींच्या मागे दडले आहेत. संग्रहालय होईल तेव्हा होईल. त्यात काचेमागे ठेवायला आपल्याकडचे काही असले पाहिजे.

म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या पेटीत वळिवडे कॅम्पचे छायाचित्र, बिलाची पावती, पोलिश नाव कोरलेले भांडे, एखाद्या मुलीने जाताना दिलेली क्रुसाची माळ, किंवा आजोबांनी सांगितलेला एखादा प्रसंग असेल, तर तो लिहून ठेवा आणि संपादक मंडळाकडे पोचवा. वस्तू द्यायची नसेल तर तिचे छायाचित्र चालेल. मागे नाव, गाव आणि अंदाजे साल न विसरता लिहावे.